मैफल घरबसल्या ऐकली तर ती मैफलच नव्हे?

कोमल_ऋषभ:
डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव आला की आमच्या ग्रुपवर तोच सूर लागतो: "सवाई ऐकावं तर मंडपात. घरी पडद्यावर ऐकलेलं गाणं म्हणजे गाणंच नव्हे." मला हे अजिबात पटत नाही. थेट प्रक्षेपणाचं तिकीट काढून मी घरी मैफली ऐकते आणि मन लावून ऐकते. हजारोंच्या मंडपात तरी आपल्या कानावर काय येतं? आधी माइक, मग मिक्सर, मग आपल्या बाजूला लावलेला स्पीकर. मागे बसलात तर गायकाचा चेहराही पडद्यावरच दिसतो. तोच आवाज मिक्सरमधून माझ्या हेडफोनात आला तर बिघडलं कुठे? शेजारच्या काकूंची वेफर्सची पिशवी तरी वाजत नाही.

आणि हे खूळ काही आजचं नाही. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात लोकांनी दोन्ही कानांना रिसीव्हर लावून टेलिफोनवरून ऑपेरा ऐकला होता. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासूनचा. शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसणाऱ्या आपल्या आजोबांना कोणी "तुम्ही गाणं ऐकलंच नाही" असं म्हणालं होतं का?

खर्जातला:
ताई, तुमच्याकडे हेडफोन आहेत. बहुतेक जण फोन टेबलावर उभा करून ऐकतात, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्याची, घुमक जाते, नुसती तबल्याच्या काठावरची चाट टकटकत राहते. तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, तर विसराच.

लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर बैठका झाल्या, त्या आठवतात? ॲपला सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते, म्हणून ते तो दाबून टाकतं. तानपुरा म्हणजे नेमका सतत एकसारखा येणारा आवाज! गायक डोळे मिटून षड्ज लावतोय आणि मागचा तानपुरा मध्येच बुडतोय, मध्येच उसळतोय. झूमने २०२० मध्ये संगीतासाठी वेगळं सेटिंग दिलं खरं, पण ते शोधून चालू करणारे किती?

कोमल_ऋषभ:
हा दोष फोनचा झाला, घरी ऐकण्याचा नव्हे. मंडपात खांबाआड जागा मिळाली म्हणून कोणी सवाईला नावं ठेवत नाही.

समेवर_भेटू:
तुम्ही दोघं आवाजावरच अडकलात. ऐकणाऱ्याला घरी काय मिळतं हा अर्धाच प्रश्न आहे. गाणाऱ्याला काय मिळतं?

छोट्या बैठकीत पुढे बसून बघा. गायक गाण्यातल्या अवघड जागेवरून सुटून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, पुढच्या रांगेतून "अहा" येतं, तो हसून तबलजीकडे बघतो आणि तीच जागा दुसऱ्या वाटेने पुन्हा घेतो. ते दुसरं आवर्तन त्या "अहा"मुळे जन्माला आलेलं असतं. प्रक्षेपण थेट म्हणतात, पण ते कित्येक सेकंद मागे असतं. तुम्ही चॅटमध्ये "क्या बात है" टंकेपर्यंत तो दुसरीकडे पोचलेला असतो, आणि गाता गाता चॅट वाचणार कोण? रिकाम्या सभागृहात कॅमेऱ्यासमोर गाणारा गायक ठरवून आलेलं गाऊन उठतो.

विलंबित_न्यूजर्सी:
मग प्रेक्षक पुण्यात बसवा आणि प्रक्षेपण आम्हाला द्या. दोन्ही जमतं की!

आमच्याकडची गंमत सांगतो. पुण्यात डिसेंबरात संध्याकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेआठ. सूर्यास्ताचा राग मारवा मी सकाळी पोह्यांबरोबर ऐकतो. शुद्धतावाद्यांनी क्षमा करावी. पण राग त्याच्या ठरल्या वेळीच गायचा हा नियम मंडपातही कुठे पाळला जातो? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. रात्रभर रंगणारं सवाई केव्हाच इतिहासजमा झालं. उत्तररात्रीचा दरबारी राग त्याच्या वेळेला ऐकायचा तर आता घरचा हेडफोनच उरलाय.

गुडघेदुखी_जिंदाबाद:
भारतीय बैठकीवर पाच तास बसून दाखवा, मग बोलू.

सोळा_मात्रा:
मुद्दा पैशाचाही आहे. कोमलताई तिकीट काढतात, बरं आहे. बाकीचे लिंक फुकट पुढे ढकलतात. मग साथीदाराच्या बिदागीला कात्री लागते. नावाजलेल्या गायकाचं कसंही भागतं, हार्मोनियमवाल्याचं काय?

झिंझोटी:
एक आठवण करून देतो. सवाई सुरू केलं भीमसेन जोशींनी, १९५३ मध्ये, गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ. आणि या भीमसेनजींना गाण्याचं वेड कसं लागलं? अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून. ना मंडप, ना पुढची रांग, तीनेक मिनिटांची खरखरती तबकडी. यंत्रातून आलेलं गाणं खोटं असतं तर आज तुमचा मंडपही नसता.

समेवर_भेटू:
गोष्ट अर्धीच सांगितलीत. तबकडी ऐकून त्या पोराने १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, घर सोडलं. पुण्या-मुंबईपासून ग्वाल्हेरपर्यंत भटकला, शेवटी सवाई गंधर्वांच्या पायाशी जाऊन बसला. घरी बसून दुसरी तबकडी लावली नाही त्याने.

कोमल_ऋषभ:
अहो, ते गायला शिकायला निघाले होते! मला फक्त ऐकायचंय. त्यासाठी ग्वाल्हेरला कशाला पाठवता?

समेवर_भेटू:
ग्वाल्हेर राहू द्या. आपल्या गल्लीतल्या सभागृहात चाळीस जणांची बैठक असते, तिथे तरी या. तिथला गायक अजून प्रक्षेपणाच्या लायकीचा समजला जात नाही, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढेही समजला जाणार नाही.

कोमल_ऋषभ:
हे मात्र मान्य. त्या बैठकीला येते. सवाई घरूनच.

विलंबित_न्यूजर्सी:
खर्जातले साहेब, डग्गा नीट ऐकू येईल असं काहीतरी सुचवा. खिशाला परवडणारं.

खर्जातला:
कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन. आणि फोनचा इक्वलायझर आधी बंद करा.