बॅटरी बदलली, आणि यंत्र म्हणतं छेडछाड केली!

इंटरलॉक म्हणजे दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर गाडीत बसवावं लागणारं यंत्र, त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. काही जण म्हणतात की त्याच्या रिपोर्टात 'टॅम्परिंग' (छेडछाड) आलं की वाद घालण्यात अर्थ नाही, यंत्र ठेवायची मुदत वाढवून घ्यायची आणि गप्प बसायचं. हे मला अजिबात पटत नाही. ते यंत्र श्वासातली दारू मोजतं, तुमचा हेतू नाही. वीज तुटली की ते फक्त 'वीज तुटली' एवढंच नोंदवतं, छेडछाड हा त्यावर लावलेला अर्थ असतो.

आमच्याकडे न्यू जर्सीत माझ्या रूममेटचं असंच झालं. जानेवारीच्या थंडीत बॅटरी मेली, गॅरेजवाल्याने केबल काढून नवी बसवली, आणि पुढच्या कॅलिब्रेशनला (यंत्राच्या ठरावीक तपासणीला) याच्या नावावर नियमाचं उल्लंघन. यंत्र बसवणाऱ्या कंपनीने दिला तो एक पानाचा सारांश, त्यात नुसती तारीख आणि आरोप. याने लेखी मागून पूर्ण डेटा लॉग (यंत्राने केलेल्या सगळ्या नोंदी) काढला. त्यात व्होल्टेज आदल्या रात्रीपासूनच हळूहळू उतरत गेलेलं दिसत होतं, मुद्दाम वायर तोडली असती तर ते एकदम शून्यावर आलं असतं. वीज परत आल्यावर पहिली फुंक ०.०००, म्हणजे दारू अजिबात नाही, आणि वीज तुटल्यापासून त्या फुंकेपर्यंत गाडी सुरू झाल्याची नोंदच नाही. गॅरेजच्या पावतीवर वेळ आणि ओडोमीटर दोन्ही होते (हे त्याचं नशीब, एरवी पावती कचऱ्यातच जाते). लॉगचं घड्याळ मात्र तासभर पुढे होतं, ते वकिलाने आधीच सांगून टाकलं, नाहीतर पावतीशी वेळ जुळत नाही म्हणून तिथेच अडकलो असतो. उल्लंघन मागे घेतलं गेलं. बॅटरीला हात लावण्याआधी कंपनीला फोन करून ठेवा, आणि कोणाशी कधी बोललात ते लिहून ठेवा.