लेब्रॉननं घरी बसावं म्हणणाऱ्यांना, जरा सविस्तर

विश्रामबाग झोन (सांगली)
काल एकानं एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) लेकर्स टीमच्या लेब्रॉन जेम्सबद्दल लिहिलं, "टोरंटोत ८ पॉइंट, १७ पैकी ४ शॉट, स्ट्रीक गेली, ह्या महिन्यात, डिसेंबर २०२५ ला, ४१ पूर्ण होतायत, आता लेब्रॉननं गप घरी बसावं, बघवत नाही." वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मॅच शेवटपर्यंत बघितली का कुणी? १२०-१२०, शेवटचे काही सेकंद, बॉल ह्याच्या हातात. २००७ च्या जानेवारीपासून सलग १२९७ मॅच हा माणूस दहा पॉइंटच्या खाली आलेला नाही, आणि आत्ता आठवर अडकलाय. एक बास्केट टाकली की रेकॉर्ड चालू. त्यानं काय केलं, कॉर्नरला मोकळ्या असलेल्या टीममधल्या हाचिमुराला पास दिला, थ्री (तीन पॉइंटांचा शॉट) पडला, मॅच जिंकली. टीमचा स्टार लुका डॉन्चिच नव्हता त्या दिवशी, दुसऱ्या एका खेळाडूनं, रीव्ह्जनं ४४ मारले. त्या ८ पॉइंटांच्या शेजारी ११ असिस्ट (ज्यावर बास्केट पडली असे पास) आहेत ते कुणी लिहीत नाही.

गेल्या सीझनला (२०२४-२५) चाळिशीत २४.४ पॉइंटची अ‍ॅव्हरेज, आठच्या वर असिस्ट, ऑल-एनबीए सेकंड टीम, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम दहांत निवड. ह्या वेळी (२०२५-२६) सायटिकामुळं पहिल्या १४ मॅच गेल्या, १८ नोव्हेंबरला उतरला. कंबरेच्या दुखण्यातनं उठून दोन-अडीच आठवडे झालेत आणि तुम्ही निकाल लावून मोकळे. तेविसावा सीझन आहे, एवढे सीझन आजपर्यंत कुणीच खेळलेलं नाही, मग कधी थांबायचं हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कसं कळतं?

पोवई नाका पोस्टअप (सातारा)
ते लिहिणारा मीच. पासचं कौतुक मलाही आहे, पण तू सोयीचं तेवढंच बोलतोयस दादा. पैशाचं बोल ना. ह्या वर्षी (२०२५-२६) त्याचा पगार ५ कोटी २६ लाख डॉलर, आणि टीमची कॅप (सगळ्यांच्या पगाराची ठरलेली मर्यादा) १५ कोटी ४६ लाख. म्हणजे तिसरा हिस्सा एका माणसाला. तेवढ्यात दोन चांगले डिफेंडर आणि एक सेंटर आला असता, आणि लेकर्सला डिफेन्सच नाहीये हे तुलाही माहितीय.

लेकर्सच्याच कोबी ब्रायंटचं आठव. एप्रिल २०१३ ला अ‍ॅकिलिस (टाचेमागची शीर) तुटला, तो परत कोर्टवर यायच्या आधीच नोव्हेंबरात दोन वर्षांचं ४ कोटी ८५ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट हातात दिलं. पुढं काय, एका वर्षी २१ जिंकल्या ६१ हरल्या, दुसऱ्या वर्षी १७-६५. शेवटच्या मॅचला ५० शॉट मारून ६० पॉइंट, सगळे रडले, मीही रडलो. पण त्याच रात्री गोल्डन स्टेट टीमनं सीझनमधली विक्रमी ७३वी मॅच जिंकली आणि लेकर्सची पोरं कोबीचा सोहळा बघत उभी होती. ह्याउलट सॅन अँटोनिओचा टिम डंकन. पगार कमी घेतला, शेवटच्या सीझनला टीमनं ६७ मॅच जिंकल्या, आणि ना फेअरवेल टूर ना काय, एका प्रेस नोटवर रिटायर. मोठा खेळाडू असा जातो.

मिरज पॉइंट गार्ड
डंकनचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं. तो स्वभावच तसा होता, म्हणून सगळ्यांनी तसंच जायचं का? मायकेल जॉर्डन शेवटी विझार्ड्स टीमकडनं खेळला तेव्हाही हेच बोलले, नाव घालवलं म्हणून. २००२-०३ ला चाळिशीत ८२ पैकी ८२ मॅच खेळला, २० ची अ‍ॅव्हरेज, नेट्स टीमविरुद्ध ४३ पॉइंट. दोन्ही वर्षं प्लेऑफ नाही, हे खरं. पण आज कुणी शिकागोची सहा टायटल विसरून विझार्ड्सची जर्सी आठवतं का? नाव वगैरे काही जात नाही. बघणाऱ्यांना आपलं स्वतःचं वय आठवतं म्हणून त्रास होतो.

आणि मला राग का येतो तेही सांगते. मी जिल्ह्याच्या टीममधनं खेळायचे. लग्न ठरलं, सासरचे पहिलं वाक्य काय बोलले तर "आता ते बंद". आमच्या वेळच्या जवळपास सगळ्या मुलींचं हेच झालं. आता पोरगी मोठी झाली, मी सकाळी ग्राउंडवर जाते, थोडं खेळते, तर कट्ट्यावर बसलेली पोरं म्हणतात, काकू, जपून. इथं विशीत खेळ काढून घेतात आणि चाळिशीत खेळलं की बघवत नाही म्हणतात. मग खेळायचं कधी?

कुपवाड फर्स्ट शिफ्ट
ताई, तुमचं पटतं, पण दुसरी बाजू पण ऐका. हौसेनं खेळणं वेगळं आणि जागा अडवून बसणं वेगळं. आमच्या क्लबात, नाव घेत नाही, कॅप्टन चव्वेचाळीस वर्षांचा. धावता येत नाय, डिफेन्सला हाफकोर्टच्या पुढं येत नाय, पण जर्सी, बॉल, गाडीखर्च सगळं तो देतो म्हणून स्टार्टिंगला तोच. मी दोन वर्षं बेंचवर काढली, शिफ्ट बदलून प्रॅक्टिसला यायचो, शेवटी सोडला खेळ. माझ्याबरोबरची आणखी पोरं सोडून गेली. लेब्रॉनचं मला काय पडलंय, पण "मला थांबायचं तेव्हा थांबीन" हे ऐकलं की तो कॅप्टनच दिसतो.

सिमेंट कोर्ट
भावा, त्या कॅप्टननं पैसे दिले नसते तर टीमच नसती हेही लिही की. मी तुझ्या ओळखीचा असेन नसेन, पण असलाच एक मीही आहे. स्पॉन्सर कोण देतंय बास्केटबॉलला इथं? क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेला लाखाची बक्षिसं लागतात आणि आम्ही रिंगची जाळी स्वखर्चानं बसवतो. कोर्ट सिमेंटचं, त्यावर वर्षातनं चार वेळा मांडव पडतो, खिळ्यांची भोकं तशीच. असल्या कोर्टवर उड्या मारून विशीतच गुडघे जातात. तिकडं अमेरिकेत लाकडी फ्लोअर, फिजिओ, झोपेचं टाइमटेबल, म्हणून माणूस चाळिशीत डंक मारतो. आमच्यातला चव्वेचाळीसचा रोज बर्फ लावून येतो, त्याची कुणाला किंमत नाही.

कुपवाड फर्स्ट शिफ्ट
किंमत नाय कोण म्हणालं? बेंचवर बसून द्या ना पैसे! कोच व्हा, मॅनेजर व्हा. पैसे दिले म्हणून शेवटचा शॉट पण तुम्हीच मारणार, हे कुठल्या नियमात बसतं? सर, तुम्ही चिडलात म्हणजे लागलं कुठंतरी.

सिमेंट कोर्ट
लागलंच. ज्या पोरांना मी बूट घेऊन दिले, तीच पाठीमागं "म्हातारा कधी सोडणार" म्हणतात, न लागायला काय झालं. आणि पोरं खेळ सोडतात ती माझ्यामुळं नाही, बारावीनंतर खेळात पुढं काही दिसत नाही म्हणून सोडतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ज्या स्पर्धा लागतात तिथपर्यंत आपल्याकडची किती पोरं पोचतात ते सांग.

तालीमवाला (कराड)
आता नोकरीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वय सव्वीस. त्यानंतर पोलिसात नोकरी करावी लागली, आणि अर्जुन पुरस्कार दिला तो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. ह्या माणसाला कुणी विचारलं का, अजून खेळायचंय का तुम्हाला? आमच्या भागातला पैलवान तिशीत लंगोट उतरवतो तो अंगात ताकद नसते म्हणून नव्हे. खुराकाचा खर्च झेपत नाही म्हणून उतरवतो.

पोवई नाका पोस्टअप (सातारा)
तालीमवाले, खाशाबांबद्दल आदर आहेच, सातारकर आहे मी. पण प्रत्येक धागा कुस्तीवर नेता तुम्ही. विषय लेब्रॉनचा होता, आता मांडव आणि बर्फ चाललंय.

तालीमवाला (कराड)
विषय म्हातारा खेळाडू हाच हाय की ओ. तुम्हाला अमेरिकेतल्या माणसाच्या पगाराची काळजी, घरच्या पैलवानाच्या खुराकाची नाही. बोलू द्या.

विश्रामबाग झोन (सांगली)
दोघंही थांबा जरा. मला कॅप्टनच्या गोष्टीवर बोलायचंय, कारण तीच तुलना चुकीची आहे. तो कॅप्टन शेवटचा शॉट स्वतः मारतो म्हणून कुपवाडवाल्याचा राग आहे ना? टोरंटोत शेवटचा शॉट कुणी मारला? हाचिमुरानं. अख्खी टीम रीव्ह्जच्या हातावर खेळली आणि ४१ ला आलेल्या माणसानं ते चालू दिलं. कोबीनं ५० शॉट मारले, ह्यानं १७ मारून रेकॉर्ड सोडलं. दोघांना एका पोत्यात भरू नका.

पोवई नाका पोस्टअप (सातारा)
बरं, पासचं मान्य. कोबीबरोबर तुलना मागं घेतो, तेवढीच. पण पगाराचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि लेब्रॉनच्या पोराचं पण सांग. ब्रॉनी ५५ व्या नंबरला ड्राफ्ट झाला (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात), दुसऱ्या आडनावाचा असता तर लेकर्सनी घेतला असता का? २२ ऑक्टोबर २०२४ ला बापलेक एकत्र उतरले, फोटो झाला, मलाही आवडला. पण टीममधली एक जागा गेली ना त्यात? आणि आत्ता टोरंटोच्या मॅचच्याच आठवड्यात तिकडं क्लिपर्स टीमनं चाळिशीच्या ख्रिस पॉलला दौऱ्यावरनंच घरी पाठवलं. एकविसावा सीझन, शेवटचा म्हणून त्यानंच जाहीर केलेला. आपण थांबलो नाही की टीम थांबवते, ती अशी.

मिरज पॉइंट गार्ड
ख्रिस पॉलचं वाईट वाटलंच. पण चुकलं कोण त्यात? खेळायचं म्हणणारा की निरोप द्यायची रीत नसलेले? ५५ व्या नंबरवर मात्र मी वाद घालणार नाही. तिथं आडनाव खेळलं.

कुपवाड फर्स्ट शिफ्ट
मला एवढंच सांगा सर, तुमच्या क्लबात ह्या वर्षी ओपन स्पर्धेला पहिले पाच कोण उतरणार?

सिमेंट कोर्ट
पोरं सकाळी सहाला प्रॅक्टिसला आली तर पोरं. नाही आली तर मी. तू येणार असशील तर ये, शिफ्ट सेकंड करून घे.

कुपवाड फर्स्ट शिफ्ट
येतो. पण स्टार्टिंगला घ्यायचं बघा, बेंचवर परत बसणार नाय.

पोवई नाका पोस्टअप (सातारा)
पगाराचं उत्तर कुणी देणार आहे का?