मदत हवी आहे: वजनदार स्टोनफ्लाय निंफ तळाला जात नाही, शिवाय उताणी वाहते

खळाळ:
मोंटानातल्या मॅडिसन नदीसाठी पॅट्स रबर लेग्ज बांधतोय, म्हणजे स्टोनफ्लाय या पाणकिड्याच्या पिल्लाची (निंफची) गळावर बांधलेली, रबरी पायांची नकली ‘माशी’. गळ ६ नंबर, ३एक्स लांब (दांडी नेहमीपेक्षा लांब). दांडीवर ०.०३० इंची शिशाच्या तारेचे २५ वेढे, वर कॉफी-काळी मध्यम शेनील (मऊ केसाळ दोरी), दोरा १४० डेनियर जाडीचा. काठी ९ फुटी ५ वेट (दोरीच्या वजनाचा क्रमांक), लीडर (दोरी आणि माशीमधला पारदर्शक धागा) ९ फुटी निमुळता, टोकाची जाडी ३एक्स, इंडिकेटरपासून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेपासून) माशी ५ फुटांवर. पाणी ४ फूट, चांगलंच वेगात. इतकं शिसं असूनही माशी मधल्या थरातूनच निघून जाते. काठच्या संथ पाण्यात पाहिलं तर शेपटी खाली लोंबते आणि मध्येच ती उताणी होते. डोक्याशी दोऱ्याला जागाही उरत नाही. वेढे वाढवू की टंगस्टन मणी घालू?

गळाचं_नेढं:
दोन्ही नको, आधी वेढे कमी करा. २५ गुणिले ०.०३० म्हणजे पाऊण इंच, १९ मिमी. जवळजवळ अख्खी दांडी भरली, मग डोक्याला जागा कुठून राहणार? १४-१५ वेढे पुरेत आणि तेही पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे छातीच्या जागी. वजन पुढे आलं की डोकं आधी बुडतं, शेपटी लोंबत नाही. नेढ्यामागे नेढ्याच्या दुप्पट जागा मोकळी सोडा.

क्रम असा: दांडीवर दोऱ्याचा थर, त्यावर तार, मग दातरं नसलेल्या पकडीने वरून-खालून हलकं दाबून चपटं करणं. दाबायचं ते वरचा दोरा चढवण्याआधी, नाहीतर तारेच्या कडेवर दोरा तुटतो. नंतर तारेच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचा उतार द्या आणि सुपरग्लूचा एक थेंब. उतार दिला नाही तर शेनील तारेच्या पायरीवरून घसरते आणि पाय दांडीभोवती फिरतात. दोरा शिशाला घट्ट धरत नाही, म्हणून गोंद हवाच.

उताणी होण्याचं मनावर घेऊ नका. या माशीला पाठ-पोट वेगळं नाहीच, सगळीकडून सारखीच शेनील. वेस्ट यलोस्टोन गावचे नामांकित माशी-बांधणारे चार्ल्स ब्रूक्स आपल्या मोठ्या स्टोनफ्लाय निंफ मुद्दाम अशाच, चौफेर सारख्या बांधत, म्हणजे माशी गडगडली तरी माशाला तेच दिसावं. दगडात अडकण्याचा त्रास फार होत असेल तर ६० अंशांचा जिग गळ (नेढ्याजवळ दांडी वाकवलेला) आणि खाचेचा ४.६ मिमी टंगस्टन मणी घ्या, गळाचं टोक वर राहतं. मग तारेचे ५-६ वेढे पुरतात, तेही मण्याच्या पोकळीत सरकवून मणी हलू नये म्हणून.

काठालगत:
बांधणीपेक्षा मला तुमच्या लीडरची शंका येते. निमुळत्या लीडरचा जाड भाग पाण्यात असला की प्रवाह त्यालाच ओढतो आणि माशी वर उचलली जाते. इंडिकेटरखाली जाडी न बदलणारा सरळ ३एक्स फ्लुरोकार्बन बांधा. अंतर खोलीच्या दीडपट, म्हणजे ४ फुटांना ६ फूट.

फेक लक्ष्यापासून प्रवाहाच्या उलट दिशेला १०-१५ फुटांवर टाका आणि दोरी पाण्याला टेकताच ती उचलून प्रवाहाच्या उलट बाजूला टाका (याला मेंड म्हणतात). इंडिकेटर पृष्ठावरच्या फेसापेक्षा हळू चालला पाहिजे, कारण तळाजवळचं पाणी हळू असतं. फेसाच्या बरोबरीने किंवा पुढे धावत असेल तर माशी ओढली जातेय. चार-पाच फेकींत एकदा तरी तळाला टिचकी लागायला हवी. लागली नाही तर अंतर ६ इंचांनी वाढवा, तरीही नाही तर माशीच्या ८ इंच वर धाग्याला एक छर्रा (दाबून बसवायचं बारीक वजन).

पहिल्या फेकीआधी माशी पाण्यात बुडवून पिळा. कोरड्या शेनीलमध्ये हवा अडकते, ती निघेपर्यंत माशीचं अर्धं वाहणं वाया जातं.

खळाळ:
वजन पुढे आणि कमी, हे कळलं. यलोस्टोन पार्कच्या हद्दीत हीच माशी चालेल? आणि जागा कुठल्या धरू?

काठालगत:
यलोस्टोन पार्कात शिशाचं वजन चालत नाही, गळाच्या टोकामागचा उलटा काटाही दाबलेला हवा. शिसेविरहित तार बहुधा कथलाची असते. कथलाची घनता ७.३, शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच तारेत वजन दोन-तृतीयांशाहून थोडं कमी. तेव्हा १५ ऐवजी २० वेढे किंवा सरळ टंगस्टन मणी. (पाण्यात चालताना बुटांचे तळवेही बघा, फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या, तळव्यांना तिथे बंदी आहे.)

जागेचं म्हणाल तर सॅमनफ्लायच्या (मोठ्या स्टोनफ्लायच्या) खऱ्या निंफ तीन-चार वर्षं पाण्याखाली असतात, त्यामुळे वेगवान, दगडगोट्यांच्या पाण्यात त्यांची नक्कल बाराही महिने चालते. पण जूनअखेर, पंख फुटण्याआधी, निंफ सरपटत काठाकडे येतात आणि ट्राउटही मागोमाग. तेव्हा पहिल्या फेकी काठापासून ३ ते ६ फुटांत. त्या पट्ट्यातून पाय बुडवत चालत गेलात तर मासे उठून जातात.

गळाचं_नेढं:
एक राहिलं. फिकट गोल्डन स्टोन (सोनेरी स्टोनफ्लायची नक्कल) बांधणार असाल तर तारेवर आधी वॉर्निशचा थर द्या, शिसं काळवंडून रंग खराब करतं. आणि रबरी पाय गळाच्या टोक-दांडी अंतराच्या दीडपट ठेवून कापा, त्याहून लांब ठेवले की ते टोकात गुंततात.