प्रतिसाद: वाचक आणि शहराचे प्रश्न

वाचनात रमणारा माणूस शहराच्या प्रश्नांपासून दूर राहतो, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ साली प्रसिद्ध झालेले 'मुंबईचे वर्णन' हे माझे अत्यंत आवडते पुस्तक आहे, आणि ते वाचल्यापासून रोजच्या वाटेवरील रस्ते व बाजार मी अधिक बारकाईने पाहू लागलो. (लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की आजही त्याचीच पाने उघडतो.) आमच्या भागातला पदपथ खोदून तसाच सोडला गेला, तेव्हा माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून मी कार्यादेश (कंत्राटदाराला काम देण्याचा लेखी आदेश), कामाची मुदत आणि देयकांच्या प्रती मागितल्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहावा लागतो, त्यामुळे नेमके काय विचारायचे हे आधी ठरवावे लागते, आणि तेथे वाचनाने लागलेली शब्द तोलण्याची सवय फार उपयोगी पडते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. आपल्या परिसरातील ग्रंथालयांनी अर्जलेखनासाठी महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी माझी मनापासून सूचना आहे.