लोकेशन कोशंट २ आला, तर ते क्षेत्र डोळे झाकून निवडावं का?

नवा_नियोजक:
शहराच्या आर्थिक आराखड्यासाठी दोन-तीन क्षेत्रं ठरवायची आहेत. एकूण ४०,००० नोकऱ्यांपैकी एका क्षेत्रात २,४०० आहेत, म्हणजे ६ टक्के. देशात हेच प्रमाण ३ टक्के. म्हणजे लोकेशन कोशंट (एलक्यू, शहरातलं प्रमाण भागिले देशातलं प्रमाण) २. पाच वर्षांपूर्वी याच क्षेत्रात २,००० होत्या. एवढं पुरेसं आहे का, की सरळ बाहेरची मोठी कंपनी आणायच्या मागे लागावं?

ताळेबंद:
पुरेसं नाही. एलक्यू आजची स्थिती सांगतो, दिशा सांगत नाही. देशाच्या प्रमाणात १,२०० नोकऱ्या असत्या. वरच्या १,२०० बाहेरच्या मागणीवर चालतात असं ढोबळमानाने धरतात.

आता शिफ्ट-शेअर काढा, म्हणजे वाढीतलं किती देशामुळे, किती क्षेत्रामुळे आणि किती शहरामुळे, याची फोड. वाढ ४०० ची. समजा देशाचा एकूण रोजगार ८ टक्के वाढला, तर २,००० वर १६० त्या लाटेत आल्या. देशात हे क्षेत्र १५ टक्के वाढलं असेल, तर जादाच्या ७ टक्क्यांचे १४०. उरल्या १००, त्या तुमच्या शहराच्या खात्यात. हा शेवटचा आकडा उणे निघाला, तर एलक्यू कितीही असो, आधी कारण शोधा.

आणि २,४०० ची फोड बघाच. त्यातल्या १,८०० एकाच कारखान्यात असतील तर ते क्षेत्र कसलं, तो एक मालक झाला.

फिरतीवरचा:
नोंदणी नसलेले धंदे आणि स्वयंरोजगार या आकड्यांत बहुधा नसतात. शिवाय नोकऱ्या कामाच्या जागेवरून मोजल्यात की राहत्या घरावरून, ते तपासा. शहराचे एका पद्धतीने आणि देशाचे दुसऱ्या पद्धतीने घेतले, तर गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही.

मोठ्या कंपनीचं म्हणाल, तर आधी आहेत त्या धंद्यांना भेटा.

नवा_नियोजक:
भेटीत नेमकं विचारायचं काय?

फिरतीवरचा:
‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की ‘सगळं ठीक’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा: भाडेकरार कधी संपतो? नोकरीची कोणती जागा सर्वांत जास्त दिवस रिकामी आहे? कोणता कच्चा माल बाहेरून आणावा लागतो? वीज किंवा पाण्यामुळे काम कितीदा थांबतं? मालक निवृत्तीला आलाय आणि पुढे चालवणारं कोणी नाही, हेही इथेच कळतं; चांगले चालणारे धंदे त्यापायीही बंद पडतात. प्रत्येक तक्रारीपुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. पाठपुरावा झाला नाही तर पुढच्या वेळी कोणी वेळ देत नाही.

करारपत्र:
तरी कंपनी आणायचीच असेल, तर सवलत एकरकमी देऊ नका. पगारपत्रकावर माणसं दिसतील तसे हप्ते सोडा. ‘रोजगार’ म्हणजे पूर्णवेळ किती तास, किमान पगार किती, किती महिने टिकला पाहिजे, हे करारात हवं. नाहीतर कंत्राटी माणसं दाखवून आकडा भरला जातो. अट मोडल्यास वसुली कोण करणार, तेही त्यातच लिहा.