रीसेल फ्लॅट घेताना एजंटशी लेखी करार करावा का?

मुठाकाठ
पुण्या-मुंबईत रीसेलचा फ्लॅट घेणारे बहुतेक लोक एजंटशी तोंडीच बोलतात. "दोन टक्के, पण शेवटी बघू" यावर गाडी निघते आणि दस्तनोंदणीच्या दिवशी वाद सुरू होतो. माझं मत असं, की पहिलं घर बघायच्या आधी पानभराचा लेखी करार करावाच.

"एजंटकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नंबर आहे, मग कशाला?" असं विचारणाऱ्यांनी रेरा कायद्याचं कलम ९ वाचावं. एजंटच्या नोंदणीची सक्ती ही नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक (बिल्डर) स्वतः विकत असलेल्या घरांपुरती आहे. पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीतला, मालकाकडून घ्यायचा फ्लॅट त्यात बसत नाही. तिथे एजंट आणि तुमच्यामध्ये १८७२ चा भारतीय करार कायदा आणि तुम्ही जे काही ठरवलं असेल ते, एवढंच असतं. काही ठरवलंच नसेल तर मग आवाज ज्याचा मोठा त्याचं चालतं.

पैशांचा प्रश्नही लहान नाही. ८५ लाखांच्या फ्लॅटवर १ टक्का दलाली म्हणजे ८५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००, एकूण १,००,३००. दोन टक्क्यांनी हाच आकडा २,००,६०० होतो. "जीएसटीसह की वेगळा" हे आधी लिहिलेलं नसेल तर त्या एका शब्दाची किंमत पंधरा-तीस हजार आहे. एजंटकडे जीएसटी क्रमांकच नसेल तर त्याला तो कर मागताच येत नाही, हेही लक्षात ठेवा.

पूर्व_उपनगर
पूर्ण असहमत. कागद आला की तो एजंटच्याच बाजूने येतो, कारण मसुदा त्याचा असतो. साइट व्हिजिटच्या वेळी सही घेतात तो फॉर्म नीट वाचा: "सदर मिळकत मी किंवा माझ्या कुटुंबीयांनी कोणत्याही मार्गाने खरेदी केल्यास ठरलेली दलाली देणे बंधनकारक राहील." त्याला मुदत नाही, दर कोरा, आणि कोणत्या फ्लॅटबद्दल तेही धड नाही. सहा महिन्यांनी तोच फ्लॅट मेव्हण्याने दुसऱ्या एजंटकडून घेतला तरी पहिला हा कागद घेऊन दारात उभा राहतो.

उलट काहीच सही केली नसेल तर कायदा खरेदीदाराच्या बाजूने बरा आहे. करार कायद्याचं कलम २१९ सांगतं, की वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. म्हणजे सही करून तुम्ही आयतं असलेलं संरक्षण सोडून देता.

दस्तनोंदणी
कलम बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा. "काम पूर्ण" म्हणजे कधी, हाच तर वादाचा मुद्दा. टोकन (बयाणा) दिलं तेव्हा? खरेदीचा करारनामा नोंदवला तेव्हा? की बँकेचे पैसे मालकाला मिळून चावी हातात आली तेव्हा? कर्ज असेल तर रीसेलमध्ये या तीन टप्प्यांत सहज दीड-दोन महिने जातात. एजंट म्हणतो नोंदणीच्या दिवशी सगळे द्या. त्यानंतर बँकेच्या वकिलाला भोगवटा प्रमाणपत्र सापडत नाही, किंवा जुन्या मालकांच्या साखळीतला एखादा मूळ दस्त गहाळ निघतो. कर्ज अडकतं आणि दलाली मात्र गेलेली असते. पुण्यात सात टक्क्यांच्या आसपास मुद्रांक शुल्क भरून झालेलं असतं ते वेगळंच.

म्हणून लिहायचं असं: निम्मी दलाली करारनामा नोंदवल्यावर, निम्मी ताबा मिळाल्यावर. मालकी हक्कातल्या दोषामुळे व्यवहार मोडला तर पहिली निम्मी परत. ही "परत" वाली ओळ तोंडी कबूल करून घेतली तर नंतर तिला काडीचाही आधार नसतो.

आणि हा कागद ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा मुद्रांक चालत नाही. कमी मुद्रांकाचा कागद, फरक आणि दंड भरल्याशिवाय, पुराव्यात घेतला जात नाही.

एजंट_पिंपरी
या धंद्यातला म्हणून लिहितो. आम्ही पंधरा घरं दाखवायची, किल्ल्या जमवायच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकी आणि एनओसीची चौकशी करायची. मग खरेदीदार वॉचमनकडून मालकाचा नंबर घेऊन परस्पर बोलणी करतो. हे रोजचं आहे. त्यामुळे मला लेखी करार हवाच आहे, आणि तो दोन्हीकडून न्याय्य असावा हेही मान्य.

पण निम्मी दलाली ताब्यावर, हे मला पटत नाही. बँकेचा उशीर, खरेदीदाराचा सिबिल स्कोअर, मालकाचं फर्निचर हलणं, यांतलं काहीच माझ्या हातात नाही. फार तर ७५ टक्के नोंदणीला आणि २५ ताब्याला. मालकी हक्काच्या दोषाने व्यवहार मोडला तर परतफेड मंजूर, पण खरेदीदाराचं कर्ज त्याच्याच उत्पन्नामुळे नाकारलं गेलं तर नाही.

एडिसनकर
इथे अमेरिकेत हा वाद नियमानेच मिटवलाय. १७ ऑगस्ट २०२४ पासून, एमएलएस ही सामायिक घरयादी वापरणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावाच लागतो. रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने खटल्यात केलेल्या तडजोडीतून हा नियम आला. मोबदल्याचा आकडा किंवा दर नेमका लिहायचा, "विक्रेता देईल तेवढा" असं मोघम चालत नाही. दर कायद्याने ठरलेला नसून त्यावर घासाघीस करता येते, हे ठळक छापावं लागतं. आणि ठरल्यापेक्षा जास्त रक्कम एजंटला कोणाकडूनही घेता येत नाही. ही शेवटची अट तिकडेही उचलण्यासारखी आहे.

पूर्व_उपनगर
तुलना इथेच तुटते. तुमच्याकडे सामायिक यादी आहे, त्यामुळे एका एजंटला बांधून घेतलं तरी तो बाजारातली जवळपास सगळी घरं दाखवू शकतो. आपल्याकडे प्रत्येकाची यादी त्याच्या वहीत आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. चेंबूरच्या एजंटशी "फक्त तुमच्याकडूनच घेईन" असं लिहून दिलं, तर घाटकोपरमधली निम्मी घरं तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. मुदतीचा करार मध्येच सबळ कारणाशिवाय मोडला, तर करार कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे भरपाईचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

मुठाकाठ
एकाच एजंटला बांधून घेणारा करार करू नये, यावर मी तुमच्या बाजूला आहे. मूळ लिखाणात ते यायला हवं होतं. करार दाखवलेल्या घरांपुरता हवा. प्रत्येक भेटीनंतर एजंटने व्हॉट्सॲपवर इमारत, विंग, फ्लॅट क्रमांक आणि तारीख पाठवायची, खरेदीदाराने "पाहिला" असं उत्तर द्यायचं. तीच यादी कराराचा भाग. तेवढ्याच घरांवर, पाहिल्यापासून ९० दिवस, दलालीचा हक्क. त्याआधी दुसऱ्या कोणी दाखवलेलं घर असेल तर तेव्हाच सांगायचं, म्हणजे एका फ्लॅटवर दोन दलाल बसत नाहीत. मेव्हण्याचा प्रश्नही यात संपतो, कुटुंबीय म्हणजे पती, पत्नी आणि सहखरेदीदार एवढेच लिहा.

मला खरी काळजी वेगळीच आहे: "वरचे आमचे". मालक ८२ मागतोय, तुम्हाला ८५ सांगितले जातात, मधले तीन एजंटचे, शिवाय दोन्हीकडून दलाली. एजंट तुमचा असेल तर तुमच्या नकळत स्वतःसाठी केलेल्या व्यवहाराचा फायदा कलम २१६ प्रमाणे तुम्हाला मागता येतो. पण तो "तुमचा" होता हे सिद्ध कशावरून करणार? तेवढ्यासाठी तरी सही हवी. मालकाकडून किती घेतोय हे त्याने त्याच कागदावर लिहून द्यावं.

एजंट_पिंपरी
मालकाकडूनही घेतो हे लिहून द्यायला माझी हरकत नाही. अनेकांची असेल. ९० दिवस मान्य. ७५-२५ वर मी ठाम आहे.

दस्तनोंदणी
७५-२५ चालेल, परतफेडीची ओळ राहिली तर. एक भर: टोकन एजंटच्या हातात देऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख मालमत्तेसाठी स्वीकारायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि एजंटकडे रोख दिलेले ५१,००० मालकापर्यंत पोचले की नाही याचा पुरावा नसतो. मालकाच्या खात्यावर एनईएफटी करा, नाव इंडेक्स दोनवरच्या (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावरच्या) नावाशी जुळवून. दोन मालक असतील तर टोकनच्या पावतीवर दोघांच्याही सह्या घ्या. एकानेच सही केली आणि दुसऱ्याने विकायला नकार दिला, तर त्या पावतीवर पूर्ण फ्लॅट मागता येत नाही.

पूर्व_उपनगर
एवढ्या अटींचा कागद असेल तर माझा विरोध मागे. छापील व्हिजिट फॉर्मला मात्र कायम. समोर आलाच तर "कोणत्याही मार्गाने" खोडायचं, फ्लॅट क्रमांक, दर, तारीख आणि ९० दिवस हाताने लिहायचं, खोडाखोडीपाशी दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि फोटो काढायचा. एजंट नाही म्हणाला तर तो फ्लॅट त्याच्याकडून बघू नका, पुण्या-मुंबईत रीसेलचा फ्लॅट बहुधा तीन-चार एजंटांकडे असतोच.