आमदारांमार्फत आरोग्य केंद्राबद्दल लेखी प्रश्न द्यायचा आहे. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? मसुदा कसा करावा?

रानजाई
नमस्कार. आमचा तालुका डोंगराळ. मी गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं. एक रिकामं. दुसऱ्या पदावरच्या डॉक्टर मॅडमना आठवड्यातले काही दिवस प्रतिनियुक्तीवर ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. रुग्णवाहिका दारात उभी आहे, पण कंत्राटी चालक सोडून गेला आणि दुसरा आलाच नाही. बाळंतपणाला बायका भाड्याच्या जीपने जातात.

आमदारांच्या कार्यालयात गेले तर म्हणाले, "प्रश्न लिहून द्या, हिवाळी अधिवेशनात लावतो." आता तो कसा लिहायचा?

माझ्या अटी आधीच सांगते. पैसे नाहीत. नागपूरला येणं जमणार नाही. मोर्चा, पेपरबाजी नको. डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्यावर काही शेकता कामा नये. ग्रामसभेत वाचून दाखवता येईल असं लेखी उत्तर हवंय, बस्स.

खानदेशी_बाणा
ताई, प्रश्नबिश्न सोडा. लक्षवेधी लावायला सांगा, नियम १०५. आमच्या पुलाचं काम लक्षवेधीनेच मार्गी लागलं. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून निवेदन करावं लागतं, वर आमदार प्रश्न विचारतात. अतारांकित म्हणजे कागद येतो आणि फाइलला लागतो. गावातली वीस माणसं घेऊन यशवंत स्टेडियमवर धरणं धरा. जेवणाची सोय आमचे लोक करतील.

माहितीवाला
आमदार लागतोच कशाला? माहिती अधिकार, २००५ चा कायदा. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्द. ३० दिवसांत माहिती द्यावीच लागते. नाही दिली तर वीस रुपयांत पहिलं अपील. मी पंचायत समितीकडून रस्त्याची मोजमाप पुस्तिका काढली तेव्हा ठेकेदार स्वतः घरी आला होता बोलायला. तुम्ही हजेरीपत्रक आणि रुग्णवाहिकेचं लॉगबुक मागा.

रानजाई
माहितीवाला दादा, मॅडमचं हजेरीपत्रक मागितलं तर त्यांना गावाबद्दल काय वाटेल? तेच तर टाळायचंय.

वाडा_कोलम
+१ माहिती अधिकार. आधी माहिती, मग प्रश्न.

राजधानी_एक्सप्रेस
आमदारापेक्षा खासदार गाठा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एका खासदाराला दिवसाला पाच सूचना देता येतात, १५ दिवस आधी दिल्या की झालं. उत्तर ठरलेल्या दिवशी सभागृहाच्या पटलावर (सभागृहासमोर) येतं आणि संकेतस्थळावर कायम राहतं. माझ्या भावाने आमच्या रेल्वे स्थानकाच्या थांब्याबद्दल असाच प्रश्न लावून घेतला. उत्तर आलं, आणि आकड्यांसकट आलं.

खानदेशी_बाणा
रेल्वे केंद्राची आहे हो. आरोग्य राज्यसूचीत आहे. "हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीत येतो" एवढंच उत्तर मिळेल.

राजधानी_एक्सप्रेस
राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे पैसे केंद्राकडून येतात. त्याबद्दल विचारता येतंच.

खानदेशी_बाणा
येतं. पण त्या उत्तरात अख्ख्या राज्याचा आकडा येईल. ताईंच्या गावचा चालक त्यात कुठे सापडणार?

निवृत्त_कक्ष
मंत्रालयात अनेक वर्षं प्रश्नांची उत्तरं तयार करण्याच्या कामात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विधिमंडळ सचिवालयाने प्रश्न स्वीकारला की तो विभागाकडे येतो. विभागातून कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे), तिथून संचालनालय, मग जिल्हा, मग तालुका. खालून माहिती वर येते आणि तिचं उत्तर होतं. गावकऱ्यांना उत्तराचा कागद दिसतो. पण खरी हालचाल त्या मधल्या काळात होते. "विधिमंडळ प्रश्न, तात्काळ" असा शेरा असलेलं पत्र जिल्ह्यात गेलं की रिक्त पदाचा पडून राहिलेला प्रस्ताव लोक बाहेर काढतात, कारण उत्तरात "कार्यवाही सुरू आहे" लिहायचं तर काहीतरी सुरू असावं लागतं. हे मी स्वतः पुष्कळदा पाहिलंय.

तारांकितावर तोंडी चर्चा होते, उपप्रश्न होतात. पण प्रश्नोत्तराच्या एका तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांची छापील उत्तरं पटलावर येतात. म्हणजे तारांकित दिला तरी बहुधा लेखीच उत्तर मिळेल, मात्र अधिवेशनात मिळेल. अतारांकिताला अधिवेशन संपल्यावरही वाट पाहावी लागू शकते. माझं मत तारांकित.

आणि मसुदा. "अमुक केंद्रात डॉक्टर नसतात, हे खरे आहे काय?" असं कधीही लिहू नका. डॉक्टर आठवड्यातून एक दिवस जरी येत असतील तरी उत्तर "हे खरे नाही" असं येतं. मग पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". आकडे आणि दिनांक मागा. तिथे हो-नाहीवर सुटका नाही.

लालपरी_प्रेमी
निवृत्त साहेबांचं शब्दन् शब्द खरं आहे. आमच्या एसटी आगाराच्या बंद पडलेल्या फेऱ्यांवर प्रश्न लागला होता. आम्ही कागदावर सगळं बरोबर लिहून दिलं, पण टाइप करताना त्या कार्यालयात शेजारच्या आगाराचं नाव पडलं. उत्तर आलं, "हे खरे नाही." गावाने वर्षभर वाट पाहिली होती हो. पाठवण्याआधीची छापील प्रत मागून घ्या आणि गावाचं, तालुक्याचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात विधानसभा चाळीस जणांची. इथे अशा प्रश्नाला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात, आणि उत्तराला जाडजूड परिशिष्टं जोडलेली असतात. कुठली नेमणूक, कुठलं कंत्राट, सगळं. छोट्या सभागृहाचा हा फायदा. तुमच्याकडे २८८ आमदार, प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार?

वाडा_कोलम
खरंय. आधी माहिती अधिकारच बरा.

जुना_वाचक
प्रश्न विचारण्याचा हा हक्क सहज मिळालेला नाही, हे लक्षात असू द्या. कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली आणि उपप्रश्नाची १९०९ मध्ये. तोवर सरकारला जाब विचारणारा प्रश्नच मांडता येत नव्हता. आणि २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून अकरा खासदारांना घरी जावं लागलं. प्रश्नाची किंमत ओळखा.

राजधानी_एक्सप्रेस
सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, तेही सांगा.

जुना_वाचक
अतारांकितांची लेखी उत्तरं चालू होती. म्हणूनच म्हणतो, अतारांकिताला कमी लेखू नका.

राजधानी_एक्सप्रेस
उपप्रश्न नाही तर मंत्र्याला कोंडीत कोण पकडणार?

कोकणवारा
वाद वेगळ्या धाग्यावर घ्या ना. ताई, आमदार निधी वर्षाला पाच कोटी असतो. त्यातून नवी रुग्णवाहिका मागा. आमच्या गावाने मिळवली, उद्घाटनाला बँड होता.

रानजाई
दादा, गाडी आहे आमच्याकडे. चालक नाही.

कोकणवारा
मग निधीतून चालकाचा पगार मागा.

निवृत्त_कक्ष
आमदार निधी म्हणजे स्थानिक विकास निधी, तो मालमत्तेसाठी असतो. त्यातून पगार देता येत नाही.

पांढरा_कोट_नाही
मी आरोग्य सेविका आहे, जिल्हा सांगत नाही. इथे कोणीच न बोललेली गोष्ट सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. तुमच्या डॉक्टर एका यंत्रणेच्या, आणि काम करतात दुसऱ्या यंत्रणेत. म्हणून प्रश्नात विचारा, प्रतिनियुक्तीचा आदेश कोणी काढला आणि कोणत्या दिनांकाला. कधी कधी लेखी आदेशच नसतो, तोंडी सांगून पाठवलेलं असतं. मग उत्तर लिहिताना वरच्यांनाच ते निस्तरावं लागतं. डॉक्टर सुटतात.

दुसरं, १०८ (आपत्कालीन) आणि १०२ (गरोदर माता व बालकांसाठीची) या दोन रुग्णवाहिका सेवांची गल्लत करू नका. १०८ ची गाडी राज्यभराच्या वेगळ्या कंत्राटावर चालते. केंद्राच्या दारातली ती बहुतेक १०२ ची. प्रश्नात नुसतं "रुग्णवाहिका" लिहिलं तर १०८ चे आकडे देऊन मोकळे होतील.

तिसरं. डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र हा निकष आहे, सपाटीवर ३०,०००. तुमच्या केंद्राखाली किती लोक येतात तेही विचारून घ्या. आमच्यावर कामाचा भार का पडतो ते कागदावर येऊ द्या एकदा. आम्ही सांगून थकलो.

खानदेशी_बाणा
ताई, सेविकाताईंनी लाखमोलाचं सांगितलं. तरी लक्षवेधीचा विचार करा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून मसुदा केला:

सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :–
(१) (तालुका) तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राची कार्यक्षेत्रातील लोकसंख्या तसेच वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती आहेत, रिक्त पदे कोणत्या दिनांकापासून रिक्त आहेत,
(२) उक्त केंद्रांतील किती वैद्यकीय अधिकाऱ्यांची सेवा प्रतिनियुक्तीने अन्यत्र घेतली जात आहे, त्याबाबतचे आदेश कोणत्या प्राधिकाऱ्याने व कोणत्या दिनांकास काढले,
(३) उक्त केंद्रांतील १०२ सेवेच्या किती रुग्णवाहिका वाहनचालकाअभावी बंद आहेत व कोणत्या दिनांकापासून,
(४) उक्त पदे भरण्याबाबत व रुग्णवाहिका सुरू करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

निवृत्त_कक्ष
मसुदा पक्का आहे. फक्त "तालुक्यातील प्रत्येक" काढा आणि तुमच्या एकट्या केंद्राचं नाव घाला. सगळा तालुका घेतलात तर माहिती गोळा व्हायला वेळ लागेल आणि उत्तर तक्त्यात येईल. आणि तारांकितच द्या.

माहितीवाला
एकच केंद्र ठेवा. शिवाय सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच.

लालपरी_प्रेमी
मीही एकाच केंद्राच्या बाजूने. गावाचं नाव असलं की उत्तरात पळवाट राहत नाही.

रानजाई
मी सगळा तालुका ठेवतेय, आणि प्रश्न अतारांकितच देणार आहे. एकट्या आमच्या केंद्राचं नाव गेलं तर जिल्ह्यातून पहिला फोन मॅडमना येईल, "तुमच्या गावातून तक्रार कशी गेली?" तालुक्याचा तक्ता आला तर त्यात आमची ओळ असेलच, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या केंद्राचीही असेल. तिकडे आमच्याहून वाईट हाल आहेत, हे मला तिथल्या आशाताईंनी सांगितलंय. तारांकितात नाव पुकारलं जाऊन वर्तमानपत्रात आलं तर मॅडम बदली मागतील. त्या गेल्या तर आमच्याकडे दोन्ही पदं रिकामी होतील. उत्तराला उशीर झाला तरी चालेल, आम्ही पाठपुरावा करू.

छापील प्रत मात्र अक्षर न् अक्षर वाचणार.

निवृत्त_कक्ष
तुमचं कारण मला पटलं, जरी मी वेगळं केलं असतं. मग एवढं करा. आमदारांच्या स्वीय सहायकांना प्रश्न स्वीकारण्याची शेवटची तारीख आजच विचारा, ती अधिवेशनाच्या बरीच आधी असते. प्रश्न स्वीकृत झाला की त्याचा क्रमांक लिहून घ्या. उत्तरासाठी पुढे त्याच क्रमांकावर पाठपुरावा करता येतो. उत्तरात "कार्यवाही करण्यात येईल" आलं, तर आमदारांना पुढच्या अधिवेशनात त्याच वाक्यावर पुन्हा प्रश्न द्यायला सांगा.

पांढरा_कोट_नाही
तक्ता आला की इथे टाका, ताई. आमच्या तालुक्यासाठी हाच मसुदा आमच्या आमदारांकडे देते.

बोरीबाभळी
आमच्याकडे पाणीपुरवठा योजनेचं असंच अडलंय. तो मंत्री वेगळा असतो ना? इथेच विचारू की नवा धागा काढू?